पुढचे दोन मडफ्लॅप

बोरीच्या रामलिंगअप्पांना कुणी विचारलं, लेक कधी यायलाय, तर उत्तर तयार असायचं. रस्ता वाळला की. श्रावणात हे उत्तर शोभायचं, भाद्रपदातही खपून जायचं. पण दिवाळी उलटली तरी अप्पा तेच सांगत राहिले, तेव्हा लोकांनी विचारणं सोडून दिलं. अप्पांना ते बरंच वाटलं.

अप्पांचं फाट्यावर हार्डवेअरचं दुकान होतं. दोऱ्या, खिळे, कुलपं, सायकलच्या ट्यूबा. घर मात्र गावाच्या आत, काळ्या मातीच्या वाटेच्या पार टोकाला. बायको महेश्वरी दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात गेली आणि एकुलता एक विरेश पुण्याला कंपनीत. आई गेली त्याच वर्षी श्रावणात तो नवी गाडी घेऊन आला होता. लालभडक, बुटकी, स्पोर्ट्स सेडान. फाट्यावर सगळं गाव बघायला जमलं, पण दारापर्यंत जाता जाता चाकांनी असा चिखल उडवला की दोन्ही बाजूंचे दरवाजे लिंपून निघाले. विरेश उतरला, बादली मागून घेतली आणि तासभर गाडीच धूत राहिला. शेजारच्या कुसुमबाईंनी आणलेला चहा त्यानं अंगणात उभ्या उभ्या घेतला, या रस्त्यावर पुन्हा गाडी आणायची नाही म्हणाला आणि त्याच दिवशी परत फिरला.

त्या दिवसापासून अप्पांनी चिखलाशी वैर धरलं. ग्रामपंचायतीत अर्ज केले, स्वतः दोन ट्रॉल्या मुरूम आणून वाटेवर टाकला. काळ्या मातीनं तो एका पावसाळ्यात गिळून टाकला. गाडी दुकानासमोर लाव, आपण घरापर्यंत चालत जाऊ, असंही त्यांनी फोनवर सुचवून पाहिलं. विरेश म्हणाला, नव्या गाडीला पोरं ओरखडे काढतात. अप्पांना तेही पटलं. पोराचं काहीही पटवून घ्यायची त्यांची तयारीच होती.

मग एका गिऱ्हाइकानं सांगितलं की चाकांच्या मागं मडफ्लॅप बसवले की चिखल वर उडत नाही. झालं. अप्पांनी दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावलं आणि बस धरून परभणी गाठली. जिंतूर रोडला पप्पूचं गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे. पप्पूनं आधी ट्रकचे फ्लॅप दाखवले, गोंडे लावलेले. अप्पांनी सेडान हाय म्हणून सांगितलं, तेही जरा मोठ्यानं, शेजारच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल असं. मग दोन प्रकार पुढ्यात आले. एक कडक प्लास्टिकचा, गाडीच्या अंगालगत चपखल बसणारा, दिसायला देखणा. दुसरा मऊ रबराचा, साधा काळा. देखणा घ्यायचा मोह झाला होता, पण स्पीडब्रेकरला टेकला तर कडक फ्लॅप तडकतो आणि मऊ नुसता वाकतो, असं पप्पू म्हणाला. बुटक्या गाडीला फ्लॅप जमिनीपासून चार बोटं तरी वर हवा. अप्पांनी विरेशकडं चाकांचा फोटो मागितला. तो आठ दिवसांनी आला, खाली एक अक्षर नाही. तरी अप्पांनी तो मोठा करून करून पाहिला, कारण चाकाच्या चकचकीत वाटीत फोटो काढणाऱ्या विरेशची लहानशी आकृती दिसत होती.

शेवटी मऊ रबराचे चार घेतले. डबा दुकानातल्या फळीवर बसला आणि पाहुण्याची वाट बघायला लागला. अप्पांची समजूत पक्की होती. फ्लॅप बसले की विरेशला न यायला कारण उरत नाही.

माघात विरेशचा फोन आला. मित्राच्या लग्नाला नांदेडला निघालोय, पाथरीकडून येतोय, परभणीत तासभर थांबीन, भेटायला या. बोरीचं नाव त्यात कुठंच नव्हतं. अप्पांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांनी धुवट सदरा घातला, डबा पिशवीत घातला आणि विरेशला सरळ पप्पूच्या दुकानावर बोलावलं.

पप्पूकडं फिटिंगचं काम बन्सीधर करायचा, पिंगळीचा माणूस, पन्नाशीचा, कमी बोलणारा. विरेशनं आधी कशाला, कशाला केलं, मग बापाच्या तोंडाकडं पाहून किल्ली दिली. गाडी जॅकवर चढली. बाप-लेक समोरच्या बाकावर बसले. दोघांमध्ये बसायला तिसरा माणूस मावला असता एवढी जागा राहिली. विरेश फोन बघत होता आणि अप्पा विरेशला. पोराच्या कानशिलांवर दोन-चार केस पांढरे झाले होते. हे कधी झालं, हे विचारावंसं वाटलं त्यांना, पण ज्याच्या घरी आपण कधी गेलोच नाही त्याला असलं काय विचारणार? मग त्यांनी पाऊसपाण्याचं विचारलं. विरेशनं ठीक आहे म्हटलं.

बन्सीधरनं मागची चाकं काढली. पत्र्याला नवं भोक पाडायचं नाही, तिथून गंज धरतो, म्हणून आतल्या प्लास्टिकचे मूळचेच स्क्रू काढून त्याच जागी लांब स्क्रूनं फ्लॅप आवळले. चाकं चढवली, गाडी खाली घेतली, फ्लॅपखाली हात घालून चार बोटं मोजली. पुढच्या चाकांकडं वळला आणि पुढचे दोन फ्लॅप हातात धरून तसाच उभा राहिला.

"अप्पा, गाडी बोरीला न्यायची म्हणता ना?" तो म्हणाला. "मग मागचे चालतील, हे म्होरले बसवू नका. तुमी-आमी काळ्या रानातली माणसं. वळत्या चाकाच्या अन् फ्लॅपच्या मधी चिखलाचा गारा दाबून बसतो, चाक फिरत न्हाई. पावसाळ्यात आपण मोटारसायकलचं म्होरलं मडगार्ड काढून ठेवतोत, ते कशापायी?"

विरेशनं फोनमधून मान वर काढली. दर आषाढात लोक आपल्या मोटारसायकलींची मडगार्डं काढून अप्पांच्याच दुकानात ठेवायला द्यायचे. तीस-तीस मडगार्डं मागच्या खोलीत टांगलेली असायची, प्रत्येकावर खडूनं नाव घातलेलं, आणि दसरा झाला की ज्याचं त्यानं न्यायचं. ती नावं घालायचं काम शाळेत असताना विरेशचं होतं. हे सगळं त्याला एकदम आठवलं, ते त्याच्या तोंडावर दिसलं.

"अप्पा, तुम्हाला तर हे माहीत होतं," तो म्हणाला.

अप्पांना माहीत होतं. चाळीस वर्षं माहीत होतं. यंदाची मडगार्डंसुद्धा त्यांनीच दसऱ्याला ज्याची त्याला परत दिली होती, आणि त्याच हातांनी हा डबा फळीवर ठेवला होता. माणूस स्वतःला इतकं फसवू शकतो याची त्यांना लाज वाटली. "तू चिखल म्हनलास," ते म्हणाले. "मला चिखलाचं जमत व्हतं, म्हनून तेच करत बसलो."

"आता माघ आहे, अप्पा. रस्त्यावर धूळ आहे नुसती."

म्हणायला विरेश म्हणून गेला. दोन दिवाळ्या, दोन संक्रांती, सगळे कोरडे दिवस एकदम दोघांच्या मध्ये येऊन बसले. बन्सीधर शहाणा माणूस. तो फ्लॅप बाकावर ठेवून पाणी प्यायला आत निघून गेला.

मग विरेश बोलला, तेही गाडीकडं बघत. त्या दिवशी गाडी धूत होतो ती घरात जायला लागू नये म्हणून, असं म्हणाला. दार उघडं होतं, अंगणातून सैपाकघर दिसत होतं आणि तिथं कुणी नव्हतं. दिवसकार्यात माणसांनी भरलेल्या घरात शिरणं वेगळं होतं, एरवी आईनं हाक मारल्याशिवाय त्या घरात आपण कधी पाय टाकला नाही, आता कसा टाकायचा तेच कळत नाही. पुण्यात कामात असलं की आई बोरीला आहे असं धरून चालता येतं. तिथं येऊन ते खोटं ठरवायचं नव्हतं.

रामलिंगअप्पांनी ऐकून घेतलं. पोरगं आपल्याला टाळत नव्हतं हे कळून त्यांना हायसं वाटलं, आणि लगेच त्याहून जास्त वाईट वाटलं. मग जे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. गावाला वाटायचं, अप्पा दुकानाच्या राखणीसाठी फाट्यावर झोपतात.

"मी बी आत जात न्हाई," ते म्हणाले. "दुकानातच झोपतो, तिथंच स्टोवर भात टाकतो. कुसुमबाई दिवसाआड झाडून काढती, दिवा लावती. मी अंगणातून माघारी फिरतो."

विरेश त्यांच्याकडं वळला. "मग मला दर फोनला घरी ये, घरी ये, कशाला म्हणत होता?"

"तू आत गेला असतास," अप्पा म्हणाले, "तर तुझ्या मागं मी बी गेलो असतो."

 विरेशनं बाकावर मधल्या जागेत हात टेकला आणि तसाच ठेवला. अप्पांनी त्या हाताला हात लावला नाही, घरात तशी सवय नव्हती, पण ते जरा सरकून बसले. बन्सीधर बाहेर आल्यावर विरेशनं पुढचे फ्लॅप राहू द्या म्हणून सांगितलं आणि नांदेडच्या मित्राला फोन लावून आज पोचत नसल्याचं कळवलं.

दोघं बोरीला निघाले. फाट्यावरून गाडी वाटेला लागली. मागं धुळीचा लोट उठत होता, गाडी लाल होती ती तांबूस-करडी झाली, त्याकडं विरेशनं पाहिलंही नाही. अंगणात येऊन त्यानं इंजिन बंद केलं. कुसुमबाईंनी झाडून दार उघडं ठेवलेलं होतं आणि आतलं सैपाकघर गाडीतूनही दिसत होतं. अप्पांनी विरेशकडं पाहिलं, विरेशनं अप्पांकडं. आधी कुणी उतरायचं, ते काही ठरेना. दोघंही पट्टे न सोडता गाडीतच बसून राहिले.