कॉराची बरणी

"पुढची," परीक्षक बाई म्हणाल्या.

फट्. झाकण सुटलं. चमचा आत, मग जिभेवर, मग शेरा: पाक पातळ. उरलेलं बादलीत.

आयोवाच्या जत्रेत, घरी पाकात मुरवलेल्या फळांच्या स्पर्धेत, हे असंच. खुर्च्यांवर बसायचं, गप्प राहायचं. 'ती माझी' असं कुणी म्हटलं की बरणी बाद.

आर्डिथ पीचच्या बरण्यांची रांग न्याहाळत होती. न्याहाळता न्याहाळता तिची नजर अडली. शेवटची बरणी. दालचिनीची काडी तिरकी.

कॉराची.

मागच्या उन्हाळ्यात लेकीने भरलेली. पानगळ व्हायच्या आत लेक गेली. बाकीच्या बरण्या आल्यागेल्यांनी संपवल्या. ही एकच तळघरात, फळीवर, मागे.

"मर्ल, ती इथे कशी?"

नवरा समोरच बघत राहिला. "मी आणली. तिच्या नावाने."

"डोकं फिरलंय तुझं?"

"यंदा तिला भाग घ्यायचा होता. आईला हरवते म्हणायची."

"अरे, उघडतात ते. उघडून फेकून देतात."

"माहितीये."

"मग?"

"तू रोज खाली जाऊन त्या बरणीपाशी बसतेस. मी वर एकटा जेवतो, आर्डी."

"पुढची."

'ती आमची' एवढं एक वाक्य पुरे होतं. बरणी बाद, आणि बंदच्या बंद घरी. आर्डिथने तोंड उघडलं.

पण कॉराला बाद करायचं? आणि ते आईने?

बाहेर डुकरांच्या शर्यतीचा गलका. तळणीचा वास. तोंड उघडंच.

"पुढची."

फट्.

एवढासा आवाज.

"सालं राहिलीत," बाई म्हणाल्या. "घाईचं काम. दालचिनी जास्त. बक्षिसाची फीत नाही."

मदतनीस बरणी उचलून बादलीकडे वळला. आर्डिथ दोरी ओलांडून पुढे गेली.

"मॅडम, जागेवर बसा."

"निकाल लागला ना? द्या ती इकडे."

तिने बरणी छातीशी धरली. झाकण परत बसवलं, दाबलं, तळव्याने पुन्हा दाबलं. धरेना. पाक मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.

मग तिने झाकण टेबलावर ठेवलं आणि बोटांनीच एक फोड काढली. साल दातांत अडकली.

"सालं नीट काढ म्हणून सांगितलं होतं तिला," ती मर्लला म्हणाली. तो कधीचा मागे येऊन उभा होता.

"ऐकायची कुठे."

तिने बरणी त्याच्यापुढे केली. त्याने हात घातला.

परीक्षक बाई चमचा पुसत राहिल्या.