झाडूच्या दांड्याचा ठेका

बॅरीचा आवाज पुसून नेव्हिलला काय मिळणार होतं, ते आधी सांगते. लंडनच्या रेकॉर्ड कंपनीचा माणूस खूश होणार होता; त्यानं तोंडावरच म्हटलं होतं की यंत्रं झकास वाजतायत, मध्ये तो रेकणारा रेडा कशाला? पहिल्याच रेकॉर्डच्या पाठीवर नेव्हिलचं नाव सगळ्यात वर येणार होतं. शिवाय बापाच्या बुटांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पायांशी बसून लेस बांधण्यातून सुटका. एका आवाजाच्या बदल्यात एवढं पदरात पडत असेल तर सौदा वाईट नव्हता. फक्त आवाज दुसऱ्याचा होता, आणि तो दुसरा दार भरून उरेल एवढा धिप्पाड होता. हे मात्र नेव्हिलनं हिशेबात धरलंच नाही.

मी खालच्या मजल्यावर कामाला होते. शेफील्डात, हॅटर्स्ली साहेबांच्या सुऱ्या-काट्यांच्या कारखान्यात, चाकावर चमचे चकचकीत करायला. वरचा माळा रिकामा पडला होता, तो मीच साहेबांच्या मागे लागून माझ्या भाचीला, ग्लेनिसला, मिळवून दिला. गावातल्या पोलादाच्या भट्ट्या तेव्हा एकेक करून विझत होत्या, म्हणून या तिघांनी ग्रुपचं नाव ठेवलं 'कोल्ड फर्नेस'. ग्लेनिस सिंथेसायझर वाजवायची. नेव्हिल दाढीच्या पात्यानं टेपा कापायचा आणि जोडायचा. बॅरी भट्टीवरून काढून टाकलेला गडी. तो गायचा, आणि लोखंडी नळीनं एका जुन्या बॉयलरला बडवायचा.

त्यांचं गाणं म्हणजे वर कोणी कोणाचा तरी खून करतंय, असंच वाटायचं. पत्रे आपटायचे, काचा फुटायच्या, बॅरी बोंबलायचा. फारच झालं की साहेब लांब दांड्याचा झाडू घेऊन छताला ठोकायचे.

"साहेब, ठेका चुकतोय तुमचा!" बॅरी वरून ओरडायचा.

"तुझं डोकं आण इकडे, मग बघ कसा बरोबर बसतो!"

आम्ही बायका चाकावर वाकून हसायचो.

त्यांचा एक नियम होता: टेप बंद करायची नाही. छताला एक माइक टांगलेला असायचा, आणि माळ्यावर कोणी चढलं की रिळं फिरायला लागायची. ग्लेनिस म्हणायची, "मावशी, ठरवून मारलेला घाव खोटा ऐकू येतो. आपसूक पडला की खरा." शेवटच्या गाण्यासाठी तिला असाच एक खरा घाव हवा होता. बाकी रेकॉर्ड तयार होती.

त्या दुपारी बॅरी बिअरच्या बाटल्या घेऊन आला आणि माझ्या चाकापाशी थांबला. "काकू, आज सगळी गाणी ऐकायची. नोकरी गेली, बायको गेली. पण ही तबकडी बापासमोर ठेवणार आणि सांगणार, ऐक म्हाताऱ्या, हा मी."

"आधी अंघोळ कर, मग बापासमोर जा," मी म्हटलं. तो हसत वर गेला.

पुढचं टेपवर आहे. एक गाणं वाजतं, दुसरं वाजतं, तिसरं अर्ध्यावर येतं.

"मी कुठाय?" बॅरी विचारतो.

"आहेस की. बॉयलर तूच वाजवलायस."

"माझा आवाज कुठाय, नेव्ह?"

"पुसला. राग मानू नकोस राजा, पण तू गातोस तेव्हा पबातून कोणाला तरी हाकलतायत असं वाटतं."

"मूळ टेपा असतील ना?"

"त्यांच्यावरच यंत्रांचे आवाज भरले. टेप काय झाडाला लागते?" आणि नेव्हिल हसतो. स्वतःच्याच विनोदावर.

मग बॅरी नळी हाणतो. पहिली फळीवर, टेपांचे डबे घरंगळतात. "पुसलं कुठल्या हातानं?" बॅरी विचारतो. खुर्ची पडते. नेव्हिल म्हणतो, "बॅरी, नको, बॅरी." नळी टेबलावर पडते, पण आवाज लाकडाचा येत नाही. ओल्या फांद्या एकदम मोडाव्यात तसा येतो. नेव्हिल किंचाळतो. नळी पुन्हा पडते, आणि पुन्हा. मग टेबलाजवळ काहीतरी खुडबुडतं. नेव्हिलच्या डाव्या हाताला पातं सापडलेलं असतं. बॅरीची शिवी मधेच फाटते, आणि तिच्या जागी बुडबुडे येतात.

त्या सगळ्यात ग्लेनिसचा एक शब्द नाही. फक्त पहिल्या घावानंतर आवाज सगळेच जरा मोठे होतात. मला ते कळलं नव्हतं. नेव्हिलनं मागाहून सांगितलं: तिनं माइकचा आवाज वाढवला होता.

खाली आम्ही काय केलं? काही नाही. रोजचंच चाललंय, असं धरलं. साहेबांनी झाडू उचलला आणि छताला ठोकलं. मग वर एकदम शांत झालं. भीती वाटली ती त्या शांततेची, कारण ती ग्रुपला शोभणारी नव्हती. मी जिना चढले.

बॅरी बॉयलरला टेकून बसला होता, गळा दोन्ही हातांत धरून, आणि बोटांमधून रक्त शर्टात उतरत होतं. नेव्हिल टेबलाखाली होता. त्याच्या उजव्या हाताकडे मी एकदाच पाहिलं. ग्लेनिस हेडफोन लावून बसली होती. रिळं फिरत होती.

मी एप्रन काढून बॅरीच्या गळ्यावर दाबला आणि ओरडले, "अगं मेले, फोन कर!"

तिनं आधी टेपकडे पाहिलं. "मावशी, जरा हळू," म्हणाली.

पोलिसांना दोघांनीही जिन्यावरून पडलो असं सांगितलं. आमच्याकडे पोलिसांना तेवढंच सांगतात. आणि ते दोघं इस्पितळात असताना ग्लेनिसनं एकटीनं शेवटचं गाणं जोडलं. कंपनीचा माणूस वेडा झाला. असा घाव कुठल्या यंत्रातून काढला, असं विचारत होता.

रेकॉर्ड आल्यावर बॅरी ती घेऊन माझ्या घरी आला. आम्ही शेवटचं गाणं लावलं. नळी, हाड, नळी, हाड. वर बॅरीचे बुडबुडे गोल गोल फिरतात. आणि तळाशी साहेबांचा झाडू, एकदम ठेक्यात.

"काकू, हा मी," बॅरी म्हणाला. पंक्चर झालेल्या चाकातून हवा यावी तसा आवाज आला.

"बापाला ऐकवलंस?"

त्यानं होकारार्थी मान हलवली. "म्हणाला, डुक्कर कोणाचं कापतायत?"

तर आता या सौद्याची किंमत कोणी काय भरली ते बघा. नेव्हिलनं दोन बोटं भरली आणि दुकानात परतला. गिऱ्हाइकं आता आपली लेस आपणच बांधतात. बॅरीनं गळा भरला. रेकॉर्डवर आवाज हवा होता, तो मिळाला. साहेबांनी ठेका फुकट दिला. माझा एप्रन गेला, रक्ताचा डाग निघालाच नाही. रेकॉर्डच्या पाठीवर नाव ग्लेनिसचं, एकटीचं. तिलाही खर्च आला म्हणे: टेप कापायला एक नवं पातं आणावं लागलं. जुन्याला धार राहिली नव्हती.