पोलादपूरमार्गे करकोचा

हॉस्पिटलमधून घरी आलो तेव्हा एप्रिल संपत आला होता आणि सगळं महाड झोपेत बोलल्यासारखं हळू बोलत होतं. लॉकडाऊनमुळे बाजार सकाळी थोडा वेळ उघडायचा, मग शटरं खाली. हायवेची रात्रंदिवसाची घरघर थांबलेली. मी गच्चीवर खुर्ची टाकून बसायचो, कारण डॉक्टरांनी मोकळ्या हवेत बसा म्हटलं होतं आणि मंजुळाने, म्हणजे माझ्या बायकोने, घरात लुडबुड करू नका म्हटलं होतं. खाली सावित्री आटून वाळूच्या बेटांमधून वाट काढत होती. ऊन, वारा आणि माझा अर्धामुर्धा भरणारा श्वास. मध्येच डोळा लागायचा आणि स्टँडवर गाड्या लागल्याचा आवाज यायचा. जागा झालो की आठवायचं, गाड्या कुठल्या आल्यात आता.

मी महाड आगारात वाहतूक नियंत्रक होतो. ‘पोलादपूरमार्गे महाबळेश्वरला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे’ हे ज्यांनी ऐकलंय, त्यांनी मला ऐकलंय. गाडी सुटली की पुढच्या स्टँडला फोन करायचा आणि म्हणायचं, महाड सोडलं. माणसं वाट बघत असतात, त्यांना खरं काय ते सांगायचं, एवढंच ते काम. निवृत्त झालो तरी खोड गेली नाही. मंजुळा भाजी घेऊन वळणावर दिसली तरी मी घरात पुकारतो.

आमची लेक प्रियदर्शिनी इथल्या कोर्टात लिपिक आहे. तिला पक्ष्यांचं वेड. असंच वेड लागलेला एक मुलगा तिला पक्षीगणनेत भेटला. अश्विन त्याचं नाव, महाबळेश्वरच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. दोघांचं लग्न बुद्धपौर्णिमेला विहारात ठरलेलं होतं. आमच्याकडे अख्खी वाडी जेवायला घालायची हौस, पण आता दोन तास आणि पंचवीस माणसं एवढंच सरकारने मंजूर केलं होतं. तेही आम्ही मान्य केलं होतं. आणि मग मी आजारी पडलो.

माझा ऑक्सिजन उतरत होता तेव्हा पोर एकटी धावत होती. या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात, इंजेक्शनसाठी कुठे कुठे. तिने अश्विनला बोलावलं. तो साताऱ्याच्या हद्दीत, आम्ही रायगडच्या. मधे आंबेनळी घाट आणि घाटात पोलीस. ई-पास हवा. त्याने अर्ज केला, कारण लिहिलं, ‘होणाऱ्या सासऱ्यांची प्रकृती गंभीर’. होणारे सासरे हे नातं त्या नियमात बसेना, अर्ज फेटाळला. ती म्हणाली, स्वतःचे वडील म्हणून लिही, सगळे लिहितात. तो म्हणाला, खोटं लिहिणार नाही, पुन्हा खरा अर्ज करतो. तिने फोन ठेवला. तो ठेवला तो ठेवलाच. हे सगळं मला घरी आल्यावर मंजुळाने सांगितलं.

मला वाईट वाटलं, राग आला, आणि राग कुणाचा करायचा ते कळेना. पोरगा वाकडा नव्हता, उलट फारच सरळ होता. पोरगी चुकली नव्हती, घाबरली होती. आणि दोघांच्या मधे जे आडवं पडलं होतं ते माझंच आजारपण. मी जगलो आणि त्यापायी लेकीचं लग्न मोडलं, असं होऊन बसलं तर त्या जगण्याचं मी काय करू, हेच माझ्या डोक्यात दिवसभर फिरत राहायचं.

“दोघांची बी नजर आभालात,” मंजुळा म्हणाली. “जमिनीवर उतरायचा कुनी?”

एका सकाळी प्रियदर्शिनी कोर्टात जाण्यापूर्वी गच्चीवर आली आणि कठड्याशी उभी राहिली ती हललीच नाही. मग तिने दुर्बीण माझ्या हातात दिली. वाळूच्या बेटावर एक उंच पांढरा पक्षी उभा होता. पंखांची कडा काळी, चोच आणि पाय लालभडक. मी म्हटलं, मोठा बगळा आहे. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झालो. तो पांढरा करकोचा होता. थंडीत फार लांबून आपल्या देशात येतो, उन्हाळ्याच्या आधी उत्तरेला परत जातो, आणि कोकणात क्वचितच कुणाला दिसतो. बाकीचे केव्हाच गेले असणार, हा एकटा मागे राहिला होता. त्याने पंख पसरले तेव्हा कारणही दिसलं. डाव्या पंखातली काही पिसं गळलेली होती, तिथे दाताच्या फटीसारखी मोकळी जागा दिसत होती.

पोरीचा चेहरा उजळला. तिने फोन काढला, काहीतरी लिहिलं, पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. मग फोन पर्समध्ये टाकून ती जिना उतरली. जगात एकाच माणसाला सांगावंसं वाटावं आणि त्यालाच सांगता येऊ नये, हे मी तिच्या पाठीवर वाचलं.

ऊन तापलं तसा करकोचा उठला. पंख न हलवता गोल गोल वर चढत गेला, जणू कुणी त्याला दोरीने हळूहळू वर ओढत होतं. मग मान लांब करून पोलादपूरच्या दिशेला निघाला. दोघांच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये म्हणतात. पण गाडी सुटली होती आणि पुढच्या स्टँडवर माणूस होता. मी अश्विनला फोन लावला.

तो ‘जयभीम, काका’ म्हणाला आणि त्याने तब्येतीचं विचारलं. मी माझ्या जुन्या आवाजात त्याला सांगितलं, “पांढरा करकोचा, डाव्या पंखात फट. महाड सोडलं. पोलादपूरमार्गे तुमच्याकडे.”

तो म्हणाला, “निघतो, काका. हद्दीवर थांबतो.”

मी खुर्चीत टेकलो आणि मला छान झोप लागली. झोपेत मी फलाटावर होतो आणि एकेक पक्षी शिस्तीत येऊन लागत होता. दारं उघडत होती, माणसं चढत होती. कुणाकडेच पास नव्हता आणि कुणी विचारतही नव्हतं.

कोर्टात तेव्हा थोडीच माणसं बोलवायचे, त्यामुळे प्रियदर्शिनी दुपारी जेवायला घरी आली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, करकोच्याला महाबळेश्वर गाठायला किती वेळ लागत असेल. तिने घास खाली ठेवला. मग मला सगळं सांगावं लागलं.

ती चिडली नाही, हेच जास्त भीतीदायक होतं. शांतपणे म्हणाली, “पप्पा, त्याला उत्तरेला जायचंय. तो घाट चढून साताऱ्यात कशाला जाईल? पक्षी एसटीच्या रस्त्याने जात नाहीत.”

“मी जाताना बघितला त्याला.”

“पोलादपूरपर्यंत गेला असेल, पुढे वळला असेल.” मग तिने विचारलं, “अश्विन अजून तिथे उभा आहे?”

म्हटलं, गाडी आल्याचा त्याचा फोन नाही, म्हणजे असणारच. उन्हात, सकाळपासून. चुकीची गाडी सांगून मी माणूस ताटकळत ठेवला होता. नोकरीत असं कधी झालं नव्हतं. ती उठली, हात धुतला आणि स्कूटीची चावी घेतली. मी म्हटलं, मीही येणार. मंजुळाने मला वेड्यात काढलं, मग माझ्या खिशात ऑक्सिजन मोजायचं यंत्र घातलं, नाकातोंडावर मास्क नीट चढवला आणि म्हणाली, “पोरीला घेवनच या. नायतर तिला तिकडंच ठेवा. पन हा काय तो निकाल लावून या.”

पोलादपूरच्या नाक्यावर पोलिसाने अडवलं. कुठे, म्हणून विचारलं. मी औषध आणायला असं म्हणणार होतो, ते तोंडात तयारच होतं. पण प्रियदर्शिनी आधी बोलली. “घाटात. हद्दीपर्यंतच. भांडण मिटवायला.” पोलिसाने माझ्याकडे बघितलं. आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, म्हणून मी मान हलवली. तो हसला आणि म्हणाला, भांडन मिटव गो बाय, पन अंधाराच्या आत परत.

या घाटात मी किती गाड्या सोडल्या असतील, पण स्वतः क्वचितच गेलो. गेलो तेव्हाही लक्ष घड्याळाकडे. आज घाट रिकामा होता. वळणावळणावर माकडं डांबरावर मांड्या घालून बसलेली, आम्हालाच कोण तुम्ही म्हणून बघत होती. करवंदांच्या जाळ्यांमधून गोड वास येत होता. खाली दरीत धुरकट ऊन साचलेलं आणि त्यात डोंगरांच्या सोंडा तरंगताहेत असं वाटत होतं. मला पुन्हा झोपेतल्यासारखं झालं. मी लेकीच्या खांद्याला धरून बसलो होतो. लहानपणी ती मला धरून बसायची.

हद्दीवर रस्त्यात बांबू आडवा टाकला होता. बांबूच्या पलीकडे, झाडाच्या सावलीत नव्हे, भर उन्हात, जिथून दरी दिसते तिथे अश्विन उभा होता. गळ्यात दुर्बीण. शर्ट पाठीला चिकटलेला. पोलीस कंटाळून त्याच्याकडे बघेनासे झाले होते.

ती बांबूच्या अलीकडे थांबली. मी मागे दगडावर बसलो, पण कान माझे तरुण आहेत.

“तो इकडून जात नाही, हे तुला माहीत होतं,” ती म्हणाली.

“माहीत होतं.”

“मग थांबलास कशाला?”

“गाडी सुटली असं काकांनी सांगितलं होतं. मग स्टँड सोडून कसा जाऊ?”

ती हसेल असं मला वाटलं. ती रडायला लागली. इतके दिवस हॉस्पिटलच्या जिन्यांवर, औषधांच्या दुकानांत, माझ्यासमोर अडवून धरलेलं सगळं त्या बांबूवर डोकं टेकून रडली. “तेव्हा तू हवा होतास,” ती म्हणाली. “पप्पा जातील असं वाटत होतं आणि मी एकटी होते.”

“हो,” अश्विन म्हणाला. “मी यायला हवं होतं. खोटं लिहून, चालत, कसंही. रोज तेच मनात येतं.” त्याने दुर्बीण गळ्यातून काढून खाली ठेवली आणि बांबूपाशी आला. पोलिसाने अंतर ठेवा म्हणून हटकलं. दोघांनी दोन टोकांना बांबू धरला. ती त्याच्याकडे बघत होती, तो तिच्याकडे. मग लग्नाची साडी, पंचवीस माणसांत कुणाला वगळायचं, असलं काहीतरी हळू आवाजात सुरू झालं.

मी वर बघितलं. दरीतून वारा वर येत होता आणि त्या वाऱ्यावर, पार उंच, एक पांढरा ठिपका गोल फिरत चढत होता. आधी मला वाटलं, श्वास कमी पडला की असं दिसतं. खिशातलं यंत्र बोटाला लावलं, आकडा चांगला होता. परत बघितलं. मान लांब. पंखांना काळी कडा. आणि डाव्या पंखात ती फट, तिच्यातून आभाळ दिसत होतं. रायगडच्या हद्दीतून साताऱ्याच्या हद्दीत, आमच्या डोक्यांवरून, मी सांगितलेल्या मार्गाने तो सावकाश निघाला होता. खाली त्याची जन्मभर वाट बघणारे दोघे उभे होते आणि दोघांपैकी एकानेही मान वर केली नव्हती.

माझ्या गळ्यात आवाज आला. गाडी आली की पुकारायचं, ही जन्माची सवय. तोंड उघडलंसुद्धा.

मग मी ते मिटलं. करकोचा डोंगरामागे गेला तेव्हा त्यांचं साडीच्या रंगावर आलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी गाडी आल्याचं कुणाला सांगितलं नाही.