झिंग्यांना आणि कचुंबराला एकच पाट

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पाट आहे, चांगल्या बाभळीचा. शहागंजातल्या अख्तरीबींच्या स्वयंपाकघरात कांद्यापासून झिंग्यांपर्यंत सगळं माझ्याच पाठीवर चिरलं जाई. सुरीनं अंगभर खाचा पडल्या, तरी मी तोऱ्यात असे. पाहुण्यांनी झिंग्यांचं रसदार सालन वाखाणलं की त्यात माझाही वाटा आहे, असं मला वाटे.

झिंगे साफ करताना अख्तरीबी त्यांना हळद-मीठ चोळत. मग ओल्या फडक्यानं मला पुसत आणि माझ्यावरच कचुंबराची काकडी चिरत. सून तबस्सुम एकदा म्हणाली, "अम्मी, पाट साबणानं धुऊन देऊ का?"

"हळदीनं समदं मरतं गं. लई वर्षं असंच चाललंय. झालं का कुणाला काही?"

सालन खळखळ उकळायचं. कचुंबर मात्र कच्चंच ताटात जायचं.

एका शुक्रवारी नात सुमय्यानं ते आवडीनं खाल्लं. पुढं तिला जुलाब लागले, अंग तापानं फणफणलं. तिच्या अब्बांनी, जावेदनं, घरात उरलेल्या जुन्या गोळ्या दिल्या. ताप हटेना. पोर डोळे उघडेना, तेव्हा तिला दवाखान्यात नेलं. घर चिडीचूप झालं.

कपडे न्यायला आलेला जावेद आईला सांगत होता, "डॉक्टरीणबाई म्हणल्या, काही तळ्यांत झिंग्यांना जंतू मारायची औषधं चारतात. जंतू त्यांना सरावतात, मग आपल्या गोळ्यांना दाद देत नाहीत. शिजवलं की मरतात, पण बहुतेक पाटावरून काकडीला लागले. अन् मला झापलं, मनानं गोळ्या देऊ नको म्हणून."

अख्तरीबींनी कपड्यांची पिशवी त्याच्या हाती दिली आणि मला कोपऱ्यात उभं केलं.

शेवटी दुसरं औषध लागू पडलं. सुमय्या घरी आली, पार वाळून गेलेली. आज अख्तरीबींनी मला उचलून चुलीपाशी आणलं. "हळदीवर भरवसा माझा होता, भोगलं पोरीनं," म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले.

मित्रांनो, कच्च्या मासळीचा पाट निराळा ठेवा, हात-सुरी साबणानं धुवा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी घेऊ नका. सरपण व्हायचं मला वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? पण सुमय्याचा आवाज नसलेलं ते घर त्याहून वाईट होतं.