दोन पत्रिकांची फट

युसूफ वडगावात करिष्माच्या पोटात दुखायला लागलं ते एका पांढऱ्या डब्यामुळं, आणि ते दुखणं काही डॉक्टरला दाखवण्यातलं नव्हतं.

डबा म्हणजे कॉम्प्युटर. धाकट्या जावेचा, मंजुषाचा. कंपनीतूनच जोडून आलेला, खोक्यातून काढला, वायर लावली की चालू. उंची पाण्याच्या जारएवढी, एका अंगाला काच, आत निळा उजेड. करिष्माचा दीर अजिनाथ, त्यानं तो बायकोसाठी पुण्याहून आणला आणि पुढच्या खोलीत करिष्माच्या टेबलाला टेबल लावून मांडला. घरात दुसरी जागा नव्हती काय? होती की. पण "दोघी जावा शेजारी बसून काम करतेल, बरं दिसंल," असं सासूबाई म्हणाल्या, आणि चंद्रभागाबाईंचा शब्द त्या घरात कुणी खाली पडू देत नसे.

बरं, करिष्मा तिथं काय माश्या मारत बसली होती? सहा वर्षं ती त्याच खोलीत लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करत होती. पार नेकनूरपासूनचे व्हिडिओवाले तिच्याकडं यायचे. तिचा कॉम्प्युटर काळा, धान्याच्या कोठीसारखा ढब्बू, बाजूचं पत्र्याचं झाकण कायमचं काढून ठेवलेलं आणि उघड्या पोटासमोर टेबलफॅन. आतलं काही बिघडलं तर तीच बदलायची, पंख्यातली धूळ ब्रशनं तीच काढायची. कुणी शिकवलं नव्हतं. मशीन बंद पडत गेलं आणि ती शिकत गेली. मंजुषानं अंबाजोगाईला एडिटिंगचा कोर्स केलेला. गाण्याच्या ठेक्यावर नवरीचं हसू असं नेमकं बसवायची की बघणारा हरखून जावा. मशीनच्या पोटात काय असतं, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं.

आणि कौतुक कुणाचं? डब्याचं. "एवढुसं हाय, पर काम बघा केवढं करतंय," असं सासूबाई आल्यागेल्याला दाखवायच्या. काळ्या मशीनकडं सहा वर्षांत कुणाचं बोट वळलं नव्हतं.

तेही करिष्मानं गिळलं असतं. पण रुमाल तिच्या घशाखाली उतरेना. चंद्रभागाबाईंना क्रोशाचं विणायचा नाद. टीव्हीवर रुमाल, मिक्सरवर रुमाल, फ्रिजवर रुमाल. घरातली जी वस्तू त्यांच्या मनात भरली तिच्या डोक्यावर तो चढलाच म्हणून समजा. करिष्माच्या मशीनवर कधी चढला नाही. मंजुषाच्या डब्यावर आठव्या दिवशी चढला. पांढराशुभ्र, कडेला गुलाबी कंगोरे.

"धूळ बसती बाई," म्हणत सासूबाईंनी तो चारी बाजूंनी सारखा केला.

नेमका वरच्या जाळीवर. आतली गरम हवा बाहेर पडायची वाटच ती. करिष्मा सांगणार होती, तोंड उघडलंही होतं. मग ते गुलाबी कंगोरे दिसले आणि तिनं तोंड मिटलं. असू दे झाकलेलं, आपल्याला कोण विचारतंय.

एप्रिलात गावातल्या बड्या असामीचं, अर्जुनरावांच्या मुलीचं लग्न झालं. चार गावांत बोलबाला झाला असं लग्न. आठव्या दिवशी त्यांच्या घरी सत्यनारायण, आणि संध्याकाळी मोठ्या पडद्यावर सगळ्या भावकीला लग्नाची फिल्म दाखवायची होती. काम करिष्माकडंच येणार हे तिनं धरलेलं. अर्जुनराव आले, करिष्माच्या हातचा चहा प्याले आणि म्हणाले, "औंदा नव्या मशीनवर होऊ द्या. धाकल्या सूनबाई करतेल." करिष्मानं रिकामा कप उचलला. तो तिनं आत नेऊन दोनदा घासला.

शूटिंग जड निघालं. चार कॅमेरे, वर ड्रोन. डबा अडखळायला लागला, म्हणून अजिनाथनं घाईनं मोठं ग्राफिक्स कार्ड मागवलं. दोन पंख्यांचं, जाडजूड. ते बसवणार कोण?

"अक्का, तुमीच बसवा," मंजुषा म्हणाली. "मला ह्यातलं काय कळत न्हाई. तुमच्यावानी हात न्हाई माझा."

हे ती मनापासून म्हणाली होती. करिष्माला मात्र ते टोचलं. कष्टाच्या कामाला अक्का, आणि अर्जुनरावांच्या कामाला धाकल्या सूनबाई.

तिनं काच काढली. लांबीला कार्ड बसेना, म्हणून पुढची डिस्क बसवायची रिकामी पट्टी सोडवली, तेव्हा बसलं. त्या डब्यात कार्ड उभं राहायचं, पंख्यांचं तोंड काचेकडं. काच नुसती टेकवून लावली, आणि करिष्माला दिसलं की पंखे जवळजवळ काचेला टेकलेत. टेबलावर अर्जुनरावांच्या घरच्या लग्नाच्या दोन-चार पत्रिका पडल्या होत्या. त्यातली एक उचलून तिनं काचेच्या कडेनं फटीत सरकवली. एक गेली. तिच्यावर दुसरी घातली, ती अडकली.

दोन पत्रिकांची फट नाही. पंख्यानं वारा ओढायचा कुठून? वरून रुमाल, बाजूनं काच, आणि बाहेर बीड जिल्ह्यातला एप्रिल. काच काढून ठेव आणि वरचं फडकं उचल, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. सहा वर्षं ती स्वतः तसंच करत आली होती.

"काय बघायलात, अक्का?"

"काय न्हाई. बसलं की," करिष्मा म्हणाली, आणि काचेचे चारही स्क्रू घट्ट आवळले.

सत्यनारायणाच्या दिवशी सकाळपासून डबा बंद पडायला लागला. फिल्म तयार होता होता वीस टक्क्यांवर गेली की पडदा काळा. पुन्हा चालू, पुन्हा काळा. दुपारी तीनपर्यंत सात वेळा. मंजुषाचा चेहरा उतरला. अजिनाथ पुण्याला फोन लावून थकला. करिष्मा शेजारच्या टेबलावर एका बारशाचे फोटो लावत बसली होती, आणि दर वेळी पडदा काळा झाला की तिच्या जिवाला थंडावा वाटत होता. खोटं कशाला बोला, वाटत होता.

साडेतीनला अर्जुनरावांचा माणूस येऊन गेला. मंजुषानं पदर तोंडाला लावला. चंद्रभागाबाई दारात उभ्या होत्या. कधी नव्हे ते त्या थोरलीकडं वळून म्हणाल्या, "करिष्मा, तूच बघ गं माय. तुझ्याबिगर कोण हाय आता? घराची अब्रू जायली."

हेच तर ऐकायचं होतं तिला. सहा वर्षं हेच. ती ताडकन उठली. रुमाल उचलून बाजूला टाकला, चार स्क्रू फिरवले, काच काढली, स्वतःचा टेबलफॅन ओढून डब्याच्या उघड्या अंगासमोर लावला. पाच मिनिटांचं काम. "लाव आता," ती म्हणाली.

वीस टक्के झाले. चाळीस. सत्तर. डबा भुंग्यासारखा घुमत राहिला, पडदा काही काळा झाला नाही. पाच वाजता फिल्म पेनड्राइव्हमध्ये उतरली आणि अजिनाथ ती घेऊन मोटरसायकलवर सुटला.

चंद्रभागाबाईंनी करिष्माच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. "सकाळधरनं पुण्याच्या माणसाला जमंना, आन् हिनं हात लावल्याबरूबर ठीक. गुणाची हाय माझी थोरली," असं म्हणत त्या शेजारणीला सांगायला निघून गेल्या.

खोलीत दोघी जावा उरल्या. करिष्माला हसू आवरत नव्हतं. मंजुषा काचेकडं बघत होती.

"तुमी काय शोधलंच न्हाई," मंजुषा म्हणाली.

"काय?"

"आजारी माणसाला हात लावायच्या आधी डॉक्टरबी इचारतो, काय व्हायलंय म्हणून. तुमी काईच इचारलं न्हाई. सरळ काचेला हात घातला." ती अजिबात चिडून बोलत नव्हती, हेच वाईट होतं. "त्या दिवशी पत्रिका कावून सरकवली होती? दुसरी अडकलेली मी बी बघितली. मला वाटलं, अक्का म्हणत्यात बसलं, तर बसलंच असंल."

करिष्मानं टेबलफॅन बंद करून आपल्या टेबलाकडं ओढला. रुमाल तुझ्या वाट्याला आला, अर्जुनरावांचं काम तुझ्या वाट्याला आलं, हे काय सांगण्यासारखं होतं?

मंजुषानं जमिनीवर पडलेला रुमाल उचलला, झटकला, कंगोरे जुळवून त्याची घडी केली आणि काळ्या मशीनवर नीट पसरला. चारी बाजूंनी सारखा केला, अगदी सासूबाई करायच्या तसा.

"तुमच्या मशीनला वरून जाळी न्हाई, जाऊबाई," ती म्हणाली. "ह्यानं काय गरम व्हायचं न्हाई."

लग्न होऊन आल्यापासून दोन वर्षांत ती पहिल्यांदाच अक्का सोडून जाऊबाई म्हणाली होती. मग तिनं आपलं टेबल भिंतीच्या बाजूला ओढायला सुरुवात केली. ते जड होतं, पण तिनं करिष्माला हात लावायला सांगितलं नाही.