नव्या बनीमीची वाट

मित्रांनो, मला जुनी म्हणतात ते काही खोटं नाही. बनीम ही खरं तर वर्ष-दोन वर्षांची पाहुणी, आणि मी चौथं वर्ष उभी आहे. ज्वारीची कणसं मोडून घेतली की मागे वाळकी ताटं उरतात, तो कडबा. त्याच्या पेंढ्या बांधून, एकावर एक रचून जी गंज उभी करतात तिला आमच्या सोलापूरकडे बनीम म्हणतात. होटगीच्या अलीकडे, रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर माझं शेत आहे. दिवसभर गाड्या जातात. कोणी माझ्यासाठी उतरत नाही, तरी मी प्रत्येक गाडीकडे बघते.

माझा जन्म कल्लप्पांच्या हातचा. माघात ज्वारी मुळासकट उपटली, बायकांनी कणसं मोडली, आणि कल्लप्पा मला रचायला लागले. पेंढीचे बुडखे बाहेर आणि पाला आत, म्हणजे पावसाचं पाणी निथळून जातं आणि येता-जाता शेळीला पाला ओढता येत नाही. त्यांची बायको काशम्मा खालून पेंढी फेकायची, ते वरून झेलायचे. दोघं मराठीत कामाचं बोलायचे आणि कन्नडात भांडायचे. शेवटी माथ्यावर उसाचं पाचट घालून त्यांनी मला शाकारलं, तेव्हा रस्त्याने जाणारे थांबून बघू लागले. शेजारचा येडू म्हणाला, "कल्लप्पाण्णा, बनीम हाय का देवळाचं शिखर?" मला गर्व चढला. का चढू नये?

त्या घरचा एक नेम होता. नवी बनीम शेजारी उभी राहिल्याशिवाय जुनी फोडायची नाही. कल्लप्पांच्या वडिलांनी एकदा घाई केली होती. पीक जोमात दिसलं म्हणून जुना कडबा आधीच सगळ्यांना वाटून टाकला, आणि मग आभाळाने दगा दिला. दावणीची खिल्लारी जोडी वैरणीवाचून गेली. तेव्हापासून एक बनीम कायम राखणीला. मी उभी राहिले त्याच दिवशी माझ्या शेजारची जुनी फोडली. वर्षभर ती थोडी थोडी कमी होत गेली आणि तिचा मला हेवा वाटायचा. शेवटच्या पेंढीबरोबर ती संपली, आणि त्या कोपऱ्यात मी एकटी राहिले. माघ आला की नवी येईल, मग आपली पाळी, असं मी मनाशी म्हणत होते.

नवी आलीच नाही. मी उभी राहिले त्याच वर्षीच्या आषाढात कल्लप्पा बसल्या जागी गेले होते. त्यांच्या मुलाने, बसवराजने, लांबून पाइपलाइन आणली आणि सगळं रान उसाखाली घातलं. त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण ज्वारी नाही म्हणजे कडबा नाही, आणि कडबा नाही म्हणजे नवी बनीम नाही. बैल गेले, ट्रॅक्टर आला. गोठ्यात उरली एक तांबडी गाय. तिचं नाव केंपी, कारण कन्नडात तांबड्याला केंपू म्हणतात. तिला उसाचे हिरवे शेंडे मिळायचे, त्याला वाढे म्हणतात. ते खाता खाता ती माझ्याकडे बघायची. तिचं दावं माझ्यापर्यंत पुरत नव्हतं.

काशम्मा मात्र मला विसरली नाही. दर मृगाआधी शिडी लावून माझ्या माथ्यावर नवं पाचट घालायची, आणि घालताना नवऱ्याशी बोलल्यासारखी कन्नडात पुटपुटायची. तेवढा दिवस बरा जायचा. मग पुन्हा मी, मुंगूस आणि कावळे. मित्रांनो, आपल्याला कोणी जपतं आहे आणि तरीही आपण कोणाच्या उपयोगाचे नाही, हे एकटेपण फार वाईट असतं.

मधे माझं नशीब थोडं उघडलं. बसवराजची बायको श्रीदेवी अक्कलकोटची, शिकलेली. ती संध्याकाळी अंगणात पोरांची इंग्रजीची शिकवणी घेऊ लागली. एक दिवस तिने शिकवलं, 'मेक हे व्हाइल द सन शाइन्स'. म्हणजे ऊन आहे तोवर वैरण वाळवून घ्या, वेळ दवडू नका. पोरांना 'हे' म्हणजे काय ते कळेना, तेव्हा तिने माझ्याकडे बोट केलं. सगळी तोंडं वळली. कित्येक महिन्यांनी माझ्याकडे एवढ्या जणांनी पाहिलं असेल. मी पार मोहरून गेले.

पुढे तिने आणखी शिकवलं. गंजीत सुई शोधायची, म्हणजे अशक्य काम. गवताला जाऊन धडकायचं, म्हणजे झोपायला जायचं. शेवटच्या काडीने उंटाची पाठ मोडायची. मी कान देऊन ऐकत होते. इंग्रज लोकांनी माझ्यात सुया हरवल्या, माझ्यावर झोपा काढल्या, उंटाचं पाप माझ्या माथी मारलं. आपल्या लोकांनी तरी काय केलं? बुडत्याला काडीचा आधार म्हणायचं आणि लगेच कुणाला काडीची किंमत नाही म्हणायचं. नवरा-बायकोचं फाटलं तर काडीमोड. एवढ्या म्हणी झाल्या, पण वैरण खाणारी गाय एकीतही नाही. त्या संध्याकाळी मला फार उदास वाटलं.

यंदा पाऊस रुसला. पाइपलाइन कोरडी पडली, ऊस करपला, उभा होता तेवढा लवकरच कारखान्याला गेला. वाढे संपले. विकतचा चारा पंचक्रोशीत कुठे मिळेना. केंपीच्या बरगड्या मला माझ्या जागेवरून दिसू लागल्या.

बसवराज आईला म्हणाला, "अव्वा, ती बनीम फोड की आता."

"नवी कुटं हाय?" काशम्माने विचारलं.

"नवी कुठनं येणार? ज्वारीच न्हाय रानात."

"मग न्हाय फोडायची. उद्याचा साल यापरीस वाईट आला तर? तुझ्या बापानं मला हात धरून सांगितलंया."

बसवराजने गोठ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तर गाय बाजारात न्यावी लागंल. हितं उपाशी मरण्यापरीस दुसऱ्याच्या दावणीला जगंल तरी. येळवस झाली की नेतो."

काशम्मा जाऊन केंपीच्या गळ्याखाली खाजवत उभी राहिली. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं, तो नेम जनावरासाठी होता! पण कडब्याला वाचा कुठली?

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडे सगळे शेतात जेवतात. कडब्याच्या पाच पेंढ्या उभ्या करून खोप करतात, आत पांडव म्हणून पाच दगड मांडून पुजतात. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, सगळं पानावर असतं. खोपीसाठी काशम्मा पेंढ्या येडूकडून मागून आणायची. यंदाही आणल्या. येडू नेहमीसारखा म्हणाला, "अक्का, दारात एवढी मोठी बनीम आन् पाच पेंढ्या माझ्याकडं मागता व्हय?" पण दिल्या. यंदा शेतात जेवण झालं, पण कोणी दुसऱ्यांदा आंबील मागितली नाही. दुसऱ्या दिवशी बाजार होता.

ऊन उतरल्यावर खोप मोडली. श्रीदेवीने त्या पाचही पेंढ्या उचलल्या, माझ्या शेजारी आणल्या आणि रिकाम्या कोपऱ्यात एकमेकींना टेकवून उभ्या केल्या. मग सासूला हाक मारली. कन्नड चालीने ती सासूला अत्ती म्हणते.

"अत्ती, हितं या जरा."

"हे काय गं?"

"नवी बनीम."

"पाच पेंढ्यांची?"

"मामांनी नवी म्हटलं होतं. केवढी ते म्हटलं न्हवतं की."

"येडूच्या रानातला कडबा हाय त्यो."

"आपल्या रानात उभा हाय न्हवं?" श्रीदेवी म्हणाली. "अत्ती, मामा आज असते तर केंपीला बाजारात धाडलं असतं का?"

काशम्माने त्या पेंढ्यांकडे पाहिलं. बसवराज गोठ्याच्या दारात येऊन थांबला होता. मला वाटलं, आता ही पाठ फिरवणार. पण ती खाली वाकली आणि म्हणाली, "बनीम अशी रचत न्हाईत. बुडखं भाईर पायजेत." आणि तिने त्या पाच पेंढ्या स्वतःच्या हाताने पुन्हा नीट रचल्या, चिमूटभर पाचट माथ्यावर ठेवलं. मग पदराने डोळे पुसून ती माझ्याकडे आली.

तिने वरची पेंढी ओढली. ती काळी निघाली. दुसरी ओढली, तिचा भुगा झाला. तिसरीला बुरशीचा वास होता. बसवराजने ती केंपीपुढे धरली, आणि केंपीने हुंगून तोंड फिरवलं. मित्रांनो, तो क्षण मी कसा सोसला ते मलाच ठाऊक. एवढी वर्षं जिची वाट पाहिली तिनेच मला नाकारलं.

काशम्मा थांबली नाही. शिडीवरून ती खोल हात घालत गेली, आणि एक पेंढी निघाली ती पिवळी, पाल्यासकट, कल्लप्पांनी ताटांचा आळा पिळून बांधली होती तशीच. तिने ती नाकाशी धरली. मग खाली बसवराजकडे टाकली, त्याने ती केंपीपुढे ठेवली. केंपीने मान लांब केली, जीभ काढली, आणि खाल्लं. तो कडकड आवाज मी जन्मात पहिल्यांदा माझ्या अंगाचा ऐकला.

"उद्या बाजारला जायाचं न्हाय," बसवराज म्हणाला.

आता मी कमरेएवढी उरले आहे. शिकवणीची पोरं श्रीदेवीला विचारतात, बाई, ती गंज कुटं गेली? ती केंपीकडे बोट दाखवते.

मित्रांनो, तुमच्या घरीही 'पुढे लागेल' म्हणून काहीतरी ठेवलेलं असेल. जरूर ठेवा, जपा, पावसाआधी शाकारा. पण ज्याच्यासाठी जपलं ते आपल्याच दारात उपाशी उभं नाही ना, हे अधूनमधून बघत जा. फार उशीर केलात तर माझ्या वरच्या थरासारखं होतं.

केंपी हंबरते आहे. काशम्मा उठली. मला जायला हवं.