विहिरीचे दात

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी मथुराबाईंनी महादेवापुढं पदर पसरला, तेव्हा मी त्यांच्या ओटीतच होते. त्यामुळं तो नवस मला शब्दाला शब्द पाठ आहे.

"महादेवा, माह्या विजयमालेचे दात पांढरे होऊ दे. सोळा सोमवार अळणी करीन. अन् दात उजळले का तुह्या पिंडीवर पांढऱ्या फुलाईचा मुकुट चढवीन."

मग त्यांनी मला पिंडीला टेकवलं, कपाळाला लावलं आणि पुन्हा ओटीत घातलं. देवानं काय ऐकलं, कुणास ठाऊक. मी मात्र तेव्हापासून गोंधळात पडले, ती आजतागायत.

मी एक डबी बोलतेय. सागाची, मुठीत मावणारी, फिरकीच्या झाकणाची. मुकुटबनच्या एका सुतारानं मला कातून काढलं. माझ्या अंगावर काळसर रेघा आहेत. सुतार म्हणायचा, "झाड जे पाणी पिते, जे मातीत उभं राह्यते, थेच त्याच्या अंगावर उतरते." तेव्हा मी नवीकोरी होते. वाटलं, म्हातारा आपला काहीबाही बोलतो.

बाजारात देवरावांनी मला उचललं, तेही त्या रेघा पाहूनच. "वा! काय नक्षी हाय!" म्हणाले आणि सुपारी ठेवायला घरी घेऊन आले. मुकुटबनपासून दोन कोसांवर त्यांचं गाव. गावात एकच विहीर, बारमाही पाण्याची. पाणी चवीला जरा जड, पण आटायचं नाही म्हणून सगळ्या गावाला तिचा मोठा अभिमान. मथुराबाई देवरावांची बायको, माहेर उमरखेडकडचं. विजयमाला त्यांची एकुलती एक लेक.

पोरीचे दुधाचे दात म्हणे ताकासारखे होते. ते पडले आणि नवे आले ते पिवळट. पुढच्या दोन दातांवर तर आडव्या तपकिरी रेघा. माझ्यासारख्याच! माझ्या रेघांना नक्षी म्हणणारे देवराव लेकीच्या रेघा पाहिल्या की नजर वळवायचे. पहिला गोंधळ माझा इथंच झाला.

पोरगी तेव्हा तेरा वर्षांची. हसरी फार. ती हसली की मथुराबाई हळूच म्हणायच्या, "माले, तोंडावर हात घे." म्हणता म्हणता ती सवयच झाली. हसू यायच्या आधी हात वर जायचा. पुढं पुढं हात वर जायचा आणि हसू येतच नसे.

नवसाच्या आदल्या दिवशी मथुराबाईंनी माझ्यातली सुपारी ओतून टाकली आणि मंजन करायला बसल्या. बाभळीच्या सालीचा कोळसा, सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला, हिरडा, चार लवंगा, तव्यावर फुलवलेली तुरटी आणि शेंदेलोण. खलबत्त्यात कुटलं, जुन्या धोतराच्या फडक्यातून वस्त्रगाळ केलं आणि माझ्यात भरलं. वास असा घमघमला, की सुपारी गेल्याचं मला वाईटसुद्धा वाटलं नाही. न्हाणीजवळच्या कोनाड्यात माझी नेमणूक झाली.

मथुराबाईंचा एक नेम होता. लेकीला काही द्यायचं तर आधी स्वतः घेऊन पाहायचं. रोज पहाटे त्या चिमूटभर मंजन आपल्या दातांना लावत आणि मग पोरीला हाक मारत. त्यांचे दात मोगऱ्याच्या कळ्यांसारखे. चूळ भरून त्या म्हणत, "पाह्य, कसे दिसते? तुह्येही होतील."

त्याच वर्षी दिवाळीत गावात बोलणं उठलं, की आपला जिल्हा आता मुंबई राज्यात गेला. देवराव पारावरून विचारत आले, "म्हंजे आता आपन कुठचे झालो?" मला त्यांचं दुःख समजलं. मीसुद्धा सुपारीची, का मंजनाची?

सोळावा सोमवार आला. पोरीचे दात होते तसेच. हिरड्या तेवढ्या छान गुलाबी झाल्या होत्या, तोंडाला वास म्हणून नव्हता. पण रेघा? जागच्या हलल्या नाहीत. मथुराबाई चुरम्याचा प्रसाद हातात घेऊन न्हाणीपाशी उभ्या राहिल्या, माझ्याकडं पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"बाई वं! याच्यात तं मीठ हाय!"

"मंग?" देवराव जेवता जेवता म्हणाले.

"मंग काय? सोळाच्या सोळा सोमवार माह्या जिभेले मीठ लागलं नं! अळणी कुठं राह्यलं? म्हनून नाही देव पावला!"

"महादेव काय तुह्या जिभेवर बसून राह्यला काय वं? मीठ शेंदेलोण हाय, उपासाले चालते."

"उपासाले चालते. पण मी अळणी बोलली होती ना."

झालं. मला धुऊन, पुसून, उन्हात वाळवलं. मीठ वगळून नवं मंजन केलं आणि सोळा सोमवार पहिल्यापासून सुरू. तेही सरले. रेघा तिथंच.

मग नाल्यापलीकडच्या तांड्यावरची रुपीबाई आली. ती डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन गावात यायची. तिची पोर विजयमालेच्याच वयाची. दोघी एकाच वावरात कापूस वेचायच्या. तिचे दात मात्र कापसाच्या बोंडातून आत्ताच फुटल्यासारखे.

"तुह्या पोरीले काय लावते वं?" मथुराबाईंनी विचारलं.

"काय लावू बाई? बाभळीची काडी चावते आन् थुकते."

मथुराबाईंनी बाभळीची साल दुप्पट केली. तरी काही नाही. मग त्यांच्या गोडव्यातही घाई शिरली. माझ्यात विटेची पूड आली, चुलीतली राख आली, वरून लिंबू आलं. "जरा जोर लाव, माले," त्या म्हणायच्या, आणि पोरगी डोळे मिटून घासायची. एका सकाळी तिच्या चुळीत रक्त आलं. दुसऱ्या दिवशी थंड पाण्याची कळ डोक्यात गेली म्हणून ती मटकन खाली बसली.

माझ्यासारख्या लाकडाच्या जिवाला काय करता येतं? मी झाकण घट्ट धरून बसले. दोन दिवस पावसाळी हवेनं मी फुगले आणि उघडलेच नाही. मथुराबाई म्हणाल्या, डबीलेही आता कंटाळा आला. कंटाळा नव्हता हो. माझ्या पोटातलं औषध त्या लेकराला दुखवत होतं, आणि ज्या हातानं ते येत होतं तो मायेचा होता. यात चूक कुणाची, ते मला काही सांगता येईना.

विजयमाला सतराची झाली. मारेगावहून भगवानराव नावाचे गृहस्थ आपल्या मुलासाठी तिला पाहायला आले. सोबत त्यांची बहीण वच्छलाबाई. पोरीनं मान खाली घालून नाव सांगितलं, पोहे दिले. सगळं बरं चाललं होतं. वच्छलाबाईंनी सहज म्हटलं, "वर पाह्य ना बाई, जराशी हास." हात वर जायच्या आत पोरगी हसली.

पाहुणे हात धुवायला न्हाणीपाशी आले. मी कोनाड्यातून ऐकलं.

"पोरगी मिस्री लावते, दादा."

"असन?"

"दात पाह्यले नाई का? तंबाखूचेच डाग. मायनंच शिकवलं असन. अन् वरून देवधर्म!"

वच्छलाबाईंनी मला उचललं, झाकण फिरवलं, हुंगलं. आत काळं मंजन. "हे पाह्य!" म्हणाल्या. जन्मात तंबाखूला न शिवलेल्या बाईच्या घरात मीच साक्षीदार ठरले, तीही उलटी! मला ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, यात कोळसा आहे, लवंग आहे, एका आईचे बत्तीस सोमवार आहेत. पण लाकडाला तोंड असलं तरी जीभ नसते.

नकार आला. मथुराबाई रडल्या नाहीत. विजयमालाच म्हणाली, "आई, आता मी हासतच नाई. मंग कोन पाह्यते?" त्यावर मात्र त्या पदरात तोंड खुपसून बसल्या.

आठवडाभरानं रुपीबाई भारा टाकून पाणी प्यायला टेकली. स्वतःच्या तांब्यातलंच प्यायली. सगळी हकीकत ऐकून म्हणाली, "बाई, एक बोलू? तुमच्या घरी तुमचे एकलीचेच दात पांढरे काहून?"

"मी मंजन लावते."

"पोरगीही लावते. मालकाचे पाह्यले का कधी?"

मथुराबाई चमकल्या. देवरावांचे दात तर पोरीहून तपकिरी! वीस वर्षं संसार केला आणि पाहिलेच नव्हते. पुरुषाचे दात कोण पाहतं?

"गल्लीत पाह्य," रुपीबाई म्हणाली. "सुना पांढऱ्या, लेकी पिवळ्या. तांड्यावर सून पांढरी, लेकही पांढरी. आम्ही नाल्यातला झिरा उकरून पितो. तुमच्या विहिरीचं पानी माहा बैल नाकानं फुर्र करते."

संक्रांत आली. त्या वर्षीचं मथुराबाईंचं हळदीकुंकू म्हणजे दातांची पाहणीच होती. तिळगूळ हातावर ठेवायच्या आणि बाई गोड बोलली की तोंडात डोकावायच्या.

"माहेर कुठचं वं तुह्यं?"

"उमरखेड. काहून?"

"अन् तुह्यं?"

"मी तं इथलीच, मामाच्या घरी देल्ली. मथुराकाकू, तुम्ही कुंकू लावून राह्यल्या का घोडी घेऊन राह्यल्या?"

अंगणभर हशा पिकला. त्या हशातच मथुराबाईंना सगळं दिसलं. बाहेरून आलेल्या सुनांची तोंडं खुशाल उघडी. गावच्या लेकींच्या तोंडावर हात, पदर, ओंजळ. साऱ्या गावच्या लेकींना साऱ्या आयांनी एकच शिकवण दिली होती. आणि दोष कुणातच नव्हता. लहानपणी जे पाणी पोटात गेलं, तेच दातांवर उतरलं होतं. आता मला त्या सुताराचं म्हणणं आठवलं. बाहेरून घासून आतली रेघ निघते होय? माझी तरी कुठं निघाली?

त्या दिवशी मथुराबाईंनी माझ्यातली विटेची पूड उकिरड्यावर टाकली. पुन्हा जुनंच मऊ मंजन केलं, मीठ घालून. पोरीला म्हणाल्या, "हे हिरड्याईसाठी हाय, रंगासाठी नाही. बोटानं हलक्या हातानं लाव."

पुढच्या वर्षी उमरखेडहून बाबाराव नावाच्या मुलाचं स्थळ आलं. सोबत त्याची आजी रुखमाबाई. त्या सकाळी वेणी घालताना मथुराबाई लेकीला म्हणाल्या, "माले, आज तोंडावर हात घेऊ नको. माही शपथ हाय."

"मंग नाही म्हनतील, आई."

"म्हनू दे. आपन लपवायचं कायले? चोरी केली का?"

पण प्रत्यक्षात म्हातारीनं विचारलं, "दात काहून असे वं पोरी?" तेव्हा मथुराबाईंच्याच हातातली वाटी कलंडली. मला वाटलं, गेलं हेही स्थळ. विजयमालेचा हात उठला. हनुवटीपर्यंत आला. थांबला. खाली गेला.

"आजी, हे आमच्या विहिरीचे दात हायेत. गावच्या साऱ्या लेकीईचे असेच. मंजन रोज लावते, मिस्री नाही."

मग म्हातारीनं आपलं तोंड उघडून दाखवलं. आत एकही दात नव्हता.

"तुह्ये तरी जाग्यावर हायेत, बापा! माह्ये उमरखेडचे पांढरेशुभ्र होते, पन गेले नं सोडून."

बाबाराव आधी हसला. मग देवराव, उघड्या तोंडानं. आणि मग विजयमाला. चार वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. कोनाड्यात माझं झाकण थरथरलं.

वैशाखात लग्न झालं. लेक सासरी गेल्यावर पहिल्या सोमवारी मथुराबाई पांढऱ्या फुलांचा मुकुट घेऊन देवळात गेल्या. मी पुन्हा ओटीत. पिंडीसमोर त्यांनी मुकुट वर उचलला आणि पुन्हा खाली घेतला. नवस तर दात पांढरे होण्याचा. दात पांढरे झाले नव्हते. मग मुकुट चढवायचा का नाही?

"देवा, मागन्यात मी चुकली का देन्यात तू, मले काही समजत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "फुलं आणली हायेत, तं ठेवते. अन् आता दुसरा नेम करते. यापुढं कोन्या लेकीले तोंड झाक म्हननार नाही. माही असो का लोकाची."

त्यालाही आता काही वर्षं झाली. माझा रंग उतरलाय, फिरकी सैल झालीय. दुकानात मंजनाच्या नळ्या आल्या आहेत. देवराव एक घेऊन आले होते. मथुराबाईंनी हुंगली आणि म्हणाल्या, "फेस चांगला हाय." तरी माझ्यात अजून लवंगेचा वास आहे.

गेल्या उन्हाळ्यात विजयमाला आपली तान्ही पोर घेऊन माहेरपणाला आली. मथुराबाई रोज पहाटे नाल्यावर जाऊन झिऱ्याचं पाणी डोक्यावर आणायच्या, त्या एका जिवासाठी. विहीर दारात असताना! बाया हसल्या. हसता हसता दोघी-तिघींनी आपापल्या घागरीही उचलल्या. त्यानं काय होईल, किती होईल, मला ठाऊक नाही. पोरीचे कायमचे दात यायला अजून अवकाश आहे.

एक दिवस मी कोनाड्यातून खाली घरंगळले, तर त्या बाळानं मला गाठलं आणि झाकणाला कडकडून चावलं. तिच्या पहिल्यावहिल्या दोन दातांची खूण माझ्या रेघांवर उमटली आहे. ती खूण मी कुणाला पुसू देणार नाही.

मी नक्षीची, का डागाची? सुपारीची, का मंजनाची? नवस फिटला, का राहिला? मला यातलं एकही कोडं सुटलेलं नाही. पण बाई, तुम्ही ऐकताच आहात तर एवढं करा. मंजन कुटा, घरचं कुटा, हलक्या हातानं लावा. लेकराला पाणी पाजताना ते कुठलं आहे ते पाहा. आणि तुमची लेक खळखळून हसली, तिचा हात तोंडाकडं निघाला, तर तो मधेच धरा. सोळा सोमवार लागत नाहीत त्याला. तुम्हीही तेवढा एक नेम करा.